पावसात पडवीत कोळशाचं ग्रिल: लावावं की नको?

वळचणीचा_कावळा
नमस्कार मंडळी.

दापोलीजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. गटारीला पुण्याची मित्रमंडळी येणार आहेत. मेहुण्याने झाकणाचं गोल कोळशाचं ग्रिल भेट दिलंय आणि ते अजून खोक्यातच आहे. पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे उघड्यावर पेटवायचा विचार आम्ही सोडून दिलाय. छपराखालच्या जागा दोन:

एक म्हणजे पुढची पडवी. मंगलोरी कौलं, सागवानी वासे, रिपा. भिंतीकडे उंच, पण पागोळ्यांच्या बाजूला इतकी खाली की उंच माणूस वाकूनच आत येतो.

दुसरी मागच्या दारची. लोखंडी अँगलवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे, उंची दहा-अकरा फूट, तीन बाजू मोकळ्या. पावसाळ्यात झड आत येते म्हणून त्यातल्या दोन बाजूंना निळी ताडपत्री बांधतो.

बायकोचं म्हणणं, छपराखाली निखारे नकोत. मेहुणा म्हणतो, 'तीन बाजू मोकळ्या आहेत, काय होतंय?' मला दोघांशीही संबंध टिकवायचे आहेत. अनुभवी लोकांनी सांगावं.

चहाटळ
गटारीला लोक स्वतः कुठे पडतील याची काळजी करतात, तुम्ही ग्रिल कुठे ठेवायचं याची करताय. संस्कारी घर दिसतंय. (हलके घ्या.)

माईंचा_मसाला
बायकोचं ऐका. धागा संपला.

तांबडी_माती
आमच्याकडे मागच्या दारी पत्र्याखालीच शेगडी असते. बांगडा, सुके बोंबील, भुट्टे, सगळं त्यावर. कधी काही झालं नाही. पण ती वीतभर उंचीची शेगडी, चार मुठी कोळसा. तुमचं ते गोल प्रकरण किती कोळसा खातं?

वळचणीचा_कावळा
@तांबडी_माती, पुस्तिकेत दीड-दोन किलो लिहिलंय. आणि त्याच पुस्तिकेत 'जळाऊ छपराखाली वापरू नये' असंही आहे. मेहुण्याच्या मते ते वकिलांनी लिहिलेलं असतं.

निवृत्त_अग्निशामक
मी रासायनिक कारखान्यात अग्निसुरक्षा विभागात होतो, आता निवृत्त. वकिलांनी लिहिलेलं असेलही, पण लिहायला लावलं ते जळलेल्या घरांनी.

छपराखालच्या कोळशाचा धोका लोक एकच धरतात: ज्वाळ वर जाऊन छप्पर पेटेल. प्रत्यक्षात वाटा तीन आहेत.

पहिली ज्वाळेचीच, पण ती कोळशाची नव्हे, चरबीची. नीट पेटलेल्या निखाऱ्याला ज्वाळ जवळजवळ नसते. कोंबडीच्या कातडीची चरबी किंवा मॅरिनेशनमधलं तेल निखाऱ्यावर ठिबकलं की भडका उडतो, तोही बहुतेक वेळा झाकण उघडताना, कारण आत कोंडलेल्या निखाऱ्यांना एकदम हवा मिळते. तुमची पडवी पागोळ्यांकडे साडेसहा फूट धरली आणि जाळी जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, तर वाशापर्यंत साडेतीन-चार फूट उरतात. चरबीचा भडका तिथपर्यंत सहज पोचतो.

दुसरी ठिणग्यांची. आपल्याकडचा लाकडी कोळसा तडतडतो. पावसाळ्यात तर जास्तच, कारण तो ओल धरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तुकडा फुटून उडतो. ही ठिणगी वाशावर विझते, पण कौलाखाली पाखरांनी काडीकचरा कोंबलेला असेल, तिथे विझत नाही. धुमसत राहते. तुम्ही जेवून झोपलात की पेटते.

तिसरी हळू तापण्याची. एकाच वाशाखाली दर वेळी ग्रिल ठेवलं तर ते लाकूड कोरडं पडत जातं, करपत जातं आणि आधीपेक्षा लवकर पेट घेण्याच्या स्थितीत येतं. म्हणून 'आजवर काही झालं नाही' हा पुरावा धरू नका.

मुंबईतली कमला मिलची आग आठवा. २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्र उलटून गेलेली, गच्चीवरचे पब, १४ माणसं गेली. अग्निशमन दलाच्या अहवालात कारण आलं ते हुक्क्याच्या कोळशाच्या उडालेल्या ठिणग्या. हुक्क्याचा निखारा केवढासा असतो! गच्ची म्हणजे उघडी जागा असं आपण म्हणतो, पण तिच्यावर जळाऊ छत आणि पडदे आले की ती उघडी राहत नाही.

मेहुणापक्ष
काका, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, हुक्का पबची तुलना घरच्या पडवीशी करणं जास्त होतंय. तिथे दारू, गर्दी, बंद वाटा. इथे चार माणसं आणि शेजारी विहीर.

चहाटळ
गटारी आहे म्हणालेत. दारू आणि गर्दी दोन्ही धरून चाला.

निवृत्त_अग्निशामक
@मेहुणापक्ष, तिथली माणसं मोठ्या संख्येने धुराने गुदमरून गेली, त्यात बंद वाटांचा भाग होताच. पण आग लागली ती ठिणगीने. आणि विहिरीचं म्हणाल तर चरबीच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं. पाण्याची क्षणात वाफ होते, पेटतं तेल चौफेर उडतं. झाकण लावा, खालची-वरची भोकं बंद करा, आग गुदमरते. वाळूची बादली शेजारी हवी. पाण्याची बादलीही हवी, पण ती लाकडाला, कपड्याला.

आजी_म्हणते
मला गंमत वाटते. कोकणात पिढ्यान् पिढ्या चूल घरात, लाकडी आढ्याखाली, वर माळ्यावर आमसुलं आणि गोवऱ्या. तेव्हा कोणी पुस्तिका वाचत नव्हतं. आमच्या आजीने आयुष्य काढलं चुलीसमोर. आता एक ग्रिल आणलं की लगेच कमला मिल.

कौलारू
@आजी_म्हणते, मी जुनी घरं दुरुस्त करणारा आर्किटेक्ट आहे, म्हणून याचं उत्तर द्यावंसं वाटलं.

ती चूल जमिनीलगत असायची, तीन बाजूंनी मातीने लिंपलेली. छप्पर आढ्याकडे चौदा-पंधरा फुटांवर. कौलांच्या फटींतून धूर सतत बाहेर जायचा. पावसाळ्यात सकाळी लांबून बघा, अख्खं घर धुमसतंय असं वाटतं. चुलीच्या वर बहुधा मातीचा थर दिलेला माळा असायचा, नुसती उघडी लाकडं नव्हे. आणि चुलीसमोर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. ग्रिलवाला पेटवून गप्पा मारायला जातो.

हे सगळं असूनही घरं जळायची. जुन्या वाड्या-वस्त्यांत आगीच्या गोष्टी नाहीत असं गाव दाखवा. आणि आजीच्या डोळ्यांचं, खोकल्याचं काय? घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आजीने काढलं आयुष्य, पण काय किमतीला, ते तिलाच विचारायला हवं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे. पुढची पडवी बाद. त्यावर चर्चाच नको. मागच्या पत्र्यांबद्दल काही विचारतो:

पॉलिकार्बोनेट साधारण १४५ ते १५० अंशांच्या आसपास मऊ पडतं. दहा फुटांवर तुमचं ग्रिल ते तापमान गाठणार नाही. पण ग्रिल थेट खाली आणि वर भडका, तर पत्र्याला फोड येतील, पिवळा पडेल, वाकेल. खाली पीव्हीसीच्या पट्ट्यांचं छत मारलंय का? पीव्हीसी तर ८० अंशांच्या आसपासच ढिलं पडायला लागतं. आणि हल्ली पत्र्याखाली ते चकचकीत बबल फॉइल चिकटवतात, उन्हाची काहिली कमी व्हावी म्हणून. ते वरून चांदीसारखं दिसलं तरी आत प्लास्टिकच असतं. पेटलं की जळते थेंब खाली पडतात, नेमके तुमच्या डोक्यावर. शिवाय वर ट्यूबलाइटची वायर कशी नेलीय? पंखा आहे का? असला तर तो बंद ठेवायचा. 'धूर जाईल' म्हणून लावाल आणि ठिणग्या घरभर उडवाल.

आजी_म्हणते
किमतीचं पटलं. माळ्यावरच्या मातीचंही खरं, आमच्याकडे होता तसा थर. तरी चुलीवरच्या भाकरीचा विषय निघाला की मी परत भांडायला येईन.

डेट्रॉइटचा_धोंडू
इकडचं सांगतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जो अग्निनियम लागू आहे त्यात कोळशाचं ग्रिल जळाऊ बाल्कनीवर किंवा जळाऊ बांधकामापासून १० फुटांच्या आत वापरायला मनाई आहे. स्वतंत्र एक-दोन कुटुंबांच्या घरांना त्यातून सूट असते, आणि जिथे आग लागल्यावर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर आहेत त्यांनाही. म्हणजे अपार्टमेंटवाल्याला मालकाची नोटीस येते आणि स्वतःच्या घरात राहणारा पोर्चखाली बिनधास्त पेटवतो. मग बाहेरच्या भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, साइडिंगवर, वितळल्याचे ओघळ. आमच्या गल्लीत अशी दोन घरं ओळखू येतात. ग्रिलच्या आगींचा इथला सगळ्यात वाईट महिना जुलै.

अवांतर: तुमचं गोल ग्रिल जे आहे ना, ते मूळ शिकागोच्या बाजूचं. १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. तिथे पाण्यावर तरंगणारे, जहाजांना खूण दाखवणारे लोखंडी बोये बनायचे, त्यासाठी अर्धगोल जोडायचे. त्याने एका अर्धगोलाला पाय लावले आणि दुसऱ्याचं झाकण केलं. कारण काय? उघड्या चुलाण्यावर वारा आणि पाऊस त्याचं मांस बिघडवायचे. आणि कोळशाच्या विटा आमच्या मिशिगनच्या: हेन्री फोर्डच्या गाड्यांना लागणाऱ्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून १९२० च्या दशकात त्याने त्या बनवायला घेतल्या.

तांबडी_माती
म्हणजे झाकण मुळात पावसासाठीच? मग कावळेभाऊ छप्पर कशाला शोधतायत?

डेट्रॉइटचा_धोंडू
@तांबडी_माती, वारा-पाऊस दोन्हींसाठी. इकडे लोक हिवाळ्यात बर्फ पडत असताना अंगणात पेटवतात. झाकण लावलं की रिमझिम चालते. तुमचा कोकणचा मुसळधार मात्र वरच्या भोकांतून आत जाईल. आणि राखेत पाणी गेलं की तो क्षार पत्रा खातो, हे लक्षात ठेवा.

नलू_ऐरोली
मधेच विचारते. आमच्या फ्लॅटला मोठी बाल्कनी आहे, वर वरच्या मजल्याचा स्लॅब. सिमेंटच आहे, मग छोटं कोळशाचं ग्रिल चालेल ना?

निवृत्त_अग्निशामक
नलूताई, नाही. स्लॅब पेटणार नाही हे बरोबर. पण वरच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, तुमच्या काचेच्या दाराचे पडदे, एसीचं बाहेरचं युनिट, त्याच्या पाइपचं फोम. धूर सरळ वरच्यांच्या घरात. ठिणगी वाऱ्याने खालच्यांच्या ताडपत्रीवर. आणि जिना-लिफ्टने गरम राख खाली कशी नेणार? विजेवरचा तंदूर घ्या, किंवा सोसायटीला विचारून खाली मोकळ्या जागेत करा.

चहाटळ
सोसायटीला विचारा म्हणजे २०३१ च्या गटारीला परवानगी मिळेल.

मुंबईकर_पाववाला
मुंबईत तसंही कोळशाचे दिवस भरलेत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली, पालिकेने हॉटेलांच्या तंदूरनाही नोटिसा काढल्या. कारण प्रदूषणाचं होतं, आगीचं नव्हे. पण भट्टीच्या पावाची ती खरपूस कड... जाऊ द्या, वेगळा धागा काढतो.

डॉ_ओवा
आतापर्यंत सगळे छपराबद्दल बोलले. मला ताडपत्रीची भीती वाटते.

धागाकर्त्यांनी लिहिलंय, तीन बाजू मोकळ्या, पावसाळ्यात दोन बंद. चौथी भिंत घराची. म्हणजे गटारीला प्रत्यक्षात एकच बाजू उघडी. आणि पाऊस वाढला की कोणीतरी उठून तिसऱ्या बाजूलाही ताडपत्री बांधणार. ही पडवी राहिली नाही, खोली झाली.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट चिकटतो. लोकांचा समज असा की धूर गेला, निखारे लाल झाले, आता निर्धोक. उलट आहे. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस उठून बाहेर तरी जातो. राखेखाली धुमसणारा निखारा, ज्याला हवा कमी मिळते, तो गुपचूप हा वायू सोडत राहतो. दुसरा समज, हा वायू जड असतो, खाली बसतो, म्हणून वर खिडकी नसली तरी चालतं. तो हवेपेक्षा किंचित हलका आहे, सगळीकडे मिसळतो.

लक्षणं: डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, गुंगी. आता गटारीच्या रात्री एखाद्याला डोकं दुखलं, गरगरलं, उलटी झाली, तर तुम्ही कशाला दोष द्याल? म्हणून हे सांगतोय. दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली, किंवा न प्यायलेल्याला किंवा लहान मुलाला झाली, तर सगळ्यांना मोकळ्यावर काढा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका; या विषबाधेत तो ९८ही दाखवतो, कारण हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की हा वायू, हा फरक त्याला कळत नाही. दवाखान्यात मास्कने शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास.

उत्तरेत दर हिवाळ्यात खोलीत अंगिठी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. आपल्याकडे थंडी नाही म्हणून आपण सुटलो असं वाटतं. आपल्याकडे पाऊस आहे.

माईंचा_मसाला
डॉक्टर, हे वाचून उठले आणि धुरी द्यायला ठेवलेला निखारा बाहेर नेऊन ठेवला. बिर्याणीला निखाऱ्याची धुरी देतो ते चालतं का?

डॉ_ओवा
माई, वाटीतला एक निखारा, पाच मिनिटं, खिडकी उघडी: चालतं. मी पण खाणार आहे.

मेहुणापक्ष
ताडपत्रीचा मुद्दा मान्य. मग ताडपत्री गुंडाळून ठेवू, तीन बाजू खऱ्या मोकळ्या. आता तरी चालेल?

कौलारू
@मेहुणापक्ष, तेव्हा झड आत येईल आणि ग्रिल सरकत सरकत घराच्या भिंतीशी जाईल. कोणीही ठरवून करत नाही, पण पाऊस तिरपा आला की असंच होतं. पावसाळी वारा नैऋत्येचा, आणि मागचं दार त्या बाजूला असेल तर धूर सरळ स्वयंपाकघरात.

वळचणीचा_कावळा
मागचं दार पश्चिमेलाच आहे. शिवाय आत्ता जाऊन पाहिलं, पत्र्याखाली ते बबल फॉइल आहे. वायर पण त्याच्यावरूनच नेलीय. पुढच्या पडवीत दोन वाशांमध्ये चिमण्यांचं घरटं सापडलं, ते मात्र मी काही काढणार नाही.

मेहुणापक्ष
बरं. हरलो.

माईंचा_मसाला
पुन्हा सांगते, दुसऱ्या नंबरची प्रतिक्रिया वाचा.

मेलबर्नकर
आमच्याकडे पडवीखाली ग्रिल सर्रास, पण ते गॅसचं, वर धुराडं आणि आजूबाजूला विटांचं बांधकाम. कोळसेवाले मागच्या अंगणात. उन्हाळ्यात 'टोटल फायर बॅन' जाहीर झाला की त्या दिवशी कोळसा-लाकडाला हात लावायचा नाही, दंड जबर. गॅस घ्यायचा विचार कराल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खळग्यात, नालीत साचतो. तुमच्या मागच्या दारी मोरी किंवा नाली असेल तर तेही बघा.

पोपटीवाला
एवढा सगळा खटाटोप. हिवाळ्यात पोपटी खायला या अलिबागकडे. शेतात मडकं, आत वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. छप्पर नाही, पुस्तिका नाही, वर फक्त आभाळ.

चहाटळ
गटारी आषाढात येते हो. भांबुर्ड्याला कळवू का लवकर यायला?

खाडीकाठ
आणखी एक अवांतर. गटारीला ताजा बांगडा कुठून आणणार? तेव्हा बऱ्याचदा यांत्रिक होड्यांना बंदी असते. खाडीतल्या बिनइंजिनाच्या होड्यांचं मिळेल ते घ्या, नाहीतर बर्फातला. कोंबडी करा सरळ. पण कातडी काढून, मघाशी काकांनी सांगितलंय.

निवृत्त_अग्निशामक
विषय जागेवर आणतो. धोंडूंनी सहज लिहून टाकलं, पण उत्तर तिथेच आहे. छप्पर तुम्हाला हवंय, ग्रिलला नको. त्याला स्वतःचं झाकण आहे. तुम्ही पडवीत बसा, ग्रिल खळ्यात, म्हणजे उघड्या अंगणात, पागोळ्यांपासून निदान दहा फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सर थांबली की जाऊन उलटायचं.

तुमच्याकडची सर थांबणारी नसेल तर दुसरा मार्ग. मांडववाल्याकडे लोखंडी पाइप आणि साधा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा मिळतो. चार खांब, नऊ फूट उंच, एका बाजूला उतार, चारी बाजू उघड्या, घरापासून लांब. कापडी मांडव नको, बागेतली मोठी छत्री नको, झावळ्या नकोत, प्लास्टिक नको. खांब दोरीने ओढून बांधा, नाहीतर वाऱ्याने पत्रा उडाला तर आगीपेक्षा वाईट.

खाली काय आहे?

वळचणीचा_कावळा
शहाबादी फरशी, बाकी चिऱ्याची जमीन, शेवाळलेली.

कौलारू
निखारा शहाबादीवर पडू देऊ नका. ओल्या दगडावर लालबुंद निखारा पडला की आतल्या पाण्याची वाफ होऊन कपची फुटून उडते, कधी आवाजासकट. ग्रिलखाली वाळूचा दोन-तीन इंचांचा थर द्या, म्हणजे पायही हलणार नाहीत. आणि शेवाळ खरवडून घ्या. गरम ग्रिलसमोर घसरणारा माणूस आधाराला काय धरतो, सांगा बघू.

चहाटळ
मी इरलं घालून कबाब उलटतोय असं चित्र डोळ्यासमोर आलं. फोटो पाहिजेच.

निवृत्त_अग्निशामक
@चहाटळ, इरलं पानांचं, ओलं; त्यातल्या त्यात बरं. प्लास्टिकचा रेनकोट घालून ग्रिलवर वाकू नका, तो वितळून अंगाला चिकटतो. सुती कपडे, लांब चिमटा, आणि भिजायची तयारी. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको.

तांबडी_माती
पेटवायचं कसं ते कोणी बोललंच नाही. ओला कोळसा पेटत नाही म्हणून लोक रॉकेल ओततात.

रॉकेलचा वास माशाला लागतो तो जात नाही, आणि पेटत्या कोळशावर परत ओतलं तर धार पेटत हातापर्यंत येते. पेट्रोल आणि सॅनिटायझर तर नावच काढू नका. आमची पद्धत: नारळाच्या सुक्या करवंट्या, खाली काथ्याचा बोळा, वर कापराची वडी. करवंटी धडधडून पेटते, वर कोळसा रचायचा. चार-पाच मिनिटं करवंटीची ज्वाळ उंच जाते, तेव्हा डोकं लांब. कोळशावर राखाडी साय आली की मगच जाळी. कोळसा आदल्या दिवशी घरात कोरड्या पोत्यात आणून ठेवा, तडतड कमी होते.

जाळीदार
वरच्यात भर. दोन किलोच्या डब्याचा तळ काढा, खालच्या बाजूला खिळ्याने भोकं पाडा, खाली करवंटी, वर कोळसा. उभ्या नळीत ओढ चांगली लागते, फुंकणी मारायला नको. डबा पक्कडीने उचलायचा, हाताने नाही.

डेट्रॉइटचा_धोंडू
आणि राखेचं बघा. माझ्या माहितीत पोर्चला लागलेल्या आगी जेवताना कमी, दुसऱ्या दिवशी जास्त. राख गार दिसते, आत निखारा जिवंत असतो. इकडे सांगतात की ४८ तास थांबा किंवा पूर्ण भिजवा, आणि धातूच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, घरापासून लांब. खोक्यात, प्लास्टिकच्या बादलीत, सुक्या पानांच्या ढिगावर नाही.

निवृत्त_अग्निशामक
बरोबर. झाकण आणि भोकं बंद करून निखारे रात्रभर गुदमरू द्या. सकाळी राख घमेल्यात, त्यावर पाणी थोडं थोडं, ढवळत. एकदम ओतलं तर गरम राख तोंडावर येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री पाऊस वाढला म्हणून अर्धवट विझलेलं ग्रिल उचलून पडवीत किंवा कोठीत आणू नका. डॉक्टरांनी वर काय लिहिलंय ते परत वाचा. भिजलं तर भिजू दे, गंज पुसता येतो.

वळचणीचा_कावळा
मांडववाल्याशी बोललो. चार पाइप, तीन पत्रे, दोन दिवसांचं भाडं ठरलं. पावसाळ्यात त्याचा धंदा नसतो, त्यामुळे स्वस्तात झालं. वर विचारतो, 'आषाढात कोणाचं लग्न?'

जागा ठरली: खळ्यात, विहिरीच्या अलीकडे, घरापासून पंधरा फूट. मेहुण्याला वाळू आणायला पाठवलंय. बायको म्हणते, हे सगळं ती एका वाक्यात सांगत होती.

पुण्याच्या एका मित्राने विचारलंय की पत्र्याखाली निदान चार खुर्च्या तरी टाकू का, पावसात ग्रिलजवळ बसायला मजा येईल.

डॉ_ओवा
चारी बाजू उघड्या असतील तर बसा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला. कोणी ताडपत्री बांधायला घेतली तर उठा.

तांबडी_माती
आणि खुर्च्या प्लास्टिकच्या नकोत.

जाळीदार
करवंट्या आहेत ना घरी? कोवळ्या शहाळ्याच्या नव्हे हो, पक्क्या नारळाच्या.

वळचणीचा_कावळा
दापोलीत राहतो. करवंट्या आहेत का विचारताय?